पाचशे मिलिमीटरच्या मुलखातली बाग

जून तोंडावर आला की महाराष्ट्रात वृक्षारोपणाबरोबर एक वादही नेमाने डोके वर काढतो: झाडे देशी लावावीत की विदेशी? एका बाजूचे लोक गुलमोहर, गिरिपुष्प (ग्लिरिसिडिया), सुबाभूळ आणि पर्जन्यवृक्ष (रेन ट्री) यांना सरसकट शत्रू ठरवतात. विदेशी झाडावर पक्षी घरटे बांधत नाही, पिंपळ मात्र रात्रंदिवस प्राणवायू देतो, अशी वाक्ये मोबाइलवरून गावोगाव फिरत असतात. दुसरी बाजू म्हणते की हिरवे ते हिरवे. मिरची, बटाटा, टोमॅटो बाहेरून आले तेव्हा आपण ते आनंदाने रांधले, मग झाडांचीच वंशावळ कशाला तपासायची? माझे मत असे आहे की सह्याद्रीच्या पूर्वेकडील कोरड्या पठारापुरता तरी हा प्रश्नच चुकीचा मांडला जातो. जिथे वर्षाला पाचशे ते सातशे मिलिमीटर पाऊस पडतो आणि तोही बहुतेक चार महिन्यांत उरकतो, तिथे बाग, रस्ता किंवा एखाद्या संस्थेचे आवार यांची लागवड ठरवताना आधी पाण्याचा हिशेब करावा, मग ती वनस्पती मोकळी सोडल्यावर कशी वागते ते पाहावे, आणि त्या जागेवर मुळात काय होते हे विचारावे. या तीन गोष्टी प्रामाणिकपणे तपासल्या तर बहुतेक वेळा स्थानिक वनस्पतीचीच निवड करावी लागते. पण दर वेळी नाही, आणि ती 'देशी' आहे एवढ्या एका कारणासाठी तर कधीच नाही.

'देशी' या शब्दाची हद्द नेमकी कुठे आखायची, हे या वादात क्वचितच कोणी सांगतो. देशाची सीमा माणसांनी आखली. झाडांच्या दृष्टीने सीमा पावसाची आणि मातीची असते. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि त्याच सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यात त्याच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास. मग सह्याद्रीच्या सदाहरित जंगलातले, ओलाव्यात आणि सावलीत वाढणारे झाड माणमधल्या दहिवडीच्या मुरमाड माळावर आणून लावले, तर ते तिथे देशी ठरते का? सीतेचा अशोक, नागकेशर, सुरंगी ही झाडे महाराष्ट्राची आहेत, सुंदर आहेत, आणि सोलापूर-धाराशिवच्या उघड्या आवारात ती जगवायची तर जन्मभर नळी धरून उभे राहावे लागते. उलट चिंच आफ्रिकेतून आली, पण काही शतके या पठारावर अशी रुजली की गावाच्या वेशीवर तिच्यावाचून चित्र पुरे होत नाही. इंदापुरात तहसील कचेरीच्या आवारातल्या चिंचांवर चित्रबलाकांनी वर्षानुवर्षे घरटी केली आहेत. झाड कुठले हे त्यांनी विचारलेले नाही. सीताफळ अमेरिकेच्या उष्ण प्रदेशातले, तरी बीडच्या बालाघाट डोंगरांत ते पाण्यावाचून वाढते आणि गरीब घरांना चार पैसे मिळवून देते. अशा वनस्पतींना 'रुळलेल्या' म्हणावे आणि लागवडीत मानाने जागा द्यावी, यात मला काहीही गैर वाटत नाही. देशी झाडांच्या कैवाऱ्यांनी खोट्या युक्तिवादांचा आधार घेणे तर तातडीने थांबवले पाहिजे. पर्जन्यवृक्षावर बगळ्यांच्या वसाहती असतात, घारी घरटी करतात, हे शहरात मान वर करून चालणाऱ्या कोणालाही दिसते. पिंपळ रात्री प्राणवायू सोडतो हेही खरे नाही. खऱ्या बाजूने खोटा पुरावा दिला की पहिल्याच उलटतपासणीत ती बाजू कोसळते, आणि तिच्याबरोबर तिचे खरे मुद्देही दुर्लक्षित होतात.

'हिरवे ते हिरवे' म्हणणाऱ्यांकडे मात्र इतिहासाने अधिक कडक नजरेने पाहिले आहे. कच्छच्या बन्नीचे उदाहरण घ्या. सुमारे अडीच हजार चौरस किलोमीटरचा हा गवताळ प्रदेश मालधारी पशुपालकांच्या म्हशी-गाईंचा आधार होता. रणातली क्षारता पुढे सरकू नये या चांगल्या हेतूने 1960-61 च्या सुमारास तिथे वेडी बाभूळ ही विदेशी जात लावली गेली. ती काटक होती, क्षार सोसत होती आणि पाणी मागत नव्हती. त्या काळच्या कोणत्याही समितीने तिची शिफारस केली असती. जनावरांनी तिच्या गोड शेंगा खाल्ल्या, शेणातून बी सगळीकडे पसरले आणि काही दशकांत निम्म्याहून अधिक बन्नीवर तिचे काटेरी रान माजले. आज तिच्या कोळशावर काही कुटुंबांचे पोट चालते हे खरे आहे आणि तोडगा काढताना त्यांचा विचार करावाच लागेल. पण ज्या गवतावर एक संपूर्ण पशुपालक समाज उभा होता ते गवत त्या कोळशाने परत येत नाही. त्याआधीची गोष्ट घाणेरीची. 1809 मध्ये ती कोलकात्याच्या वनस्पती उद्यानात शोभेसाठी आणली गेली, आणि आज भारतातल्या क्वचितच एखाद्या जंगलाची कड तिच्यावाचून आहे. मिरची-बटाट्याचा दाखला इथेच लंगडा पडतो. मिरची शेताचा बांध ओलांडून जंगल गिळत नाही. ती बहुधा माणसाने पेरली तरच उगवते. त्यामुळे विचारायचे ते झाडाच्या वागणुकीविषयी. माणसांच्या बाबतीत उपरा-भूमिपुत्र या भाषेने जे विष कालवले आहे ते झाडांच्या चर्चेत येऊ नये, असे म्हणणाऱ्यांशी मी पूर्ण सहमत आहे, आणि नेमके त्यासाठीच जन्मस्थान बाजूला ठेवून वर्तन तपासायला हवे. ही तपासणी केवळ काटकपणावर सोडून चालत नाही, हे कोनोकार्पसने अलीकडेच दाखवले. कमी पाण्यात वर्षभर हिरवेगार राहणारे हे झाड रस्त्यांच्या दुभाजकांत आणि सोसायट्यांच्या कुंपणांना रांगेने लावले गेले, आणि परागकणांचा त्रास व मुळांनी भूमिगत वाहिन्यांना होणारी इजा ही कारणे देऊन गुजरातने 2023 मध्ये त्याच्या लागवडीवर बंदी घातली.

आता पाण्याकडे येतो, कारण या वादात सर्वांत कमी बोलले जाते ते त्याविषयी. झाड देशी की विदेशी यावर भांडणारे दोन्ही पक्ष ज्या हिरवळीवर खुर्च्या टाकून बसतात तिचे काय? एक मिलिमीटर पाणी म्हणजे दर चौरस मीटरला एक लिटर. मराठवाड्याच्या एप्रिल-मेच्या उन्हात हिरवीगार राखलेली हिरवळ दिवसाला निदान 5 मिलिमीटर पाणी हवेत सोडते असे धरले, तर एका हेक्टरला रोज 50 हजार लिटर लागतात. 12 एप्रिल 2016 रोजी मिरजेहून लातूरला पाण्याची पहिली रेल्वेगाडी आली तेव्हा तिच्या 10 वाघिणींत 5 लाख लिटर पाणी होते. म्हणजे ज्या गाडीची सारा देश वाट पाहत होता तिच्या पाण्यात एक हेक्टर हिरवळ जेमतेम 10 दिवस टिकली असती. त्याच आठवड्यात मुंबई उच्च न्यायालयाने आयपीएलचे 30 एप्रिलनंतरचे सामने राज्याबाहेर हलवण्याचा आदेश दिला. क्रिकेटच्या मैदानांवर तेव्हा पुष्कळ चर्चा झाली; पण दुष्काळी जिल्ह्यांतली शासकीय विश्रामगृहे, महाविद्यालये, मंगल कार्यालये आणि गृहसंकुले यांच्या आवारांतल्या हिरवळींविषयी कोणी चकार शब्द काढला नाही. त्यांच्यावर कोणी खेळत नाही. बहुतेक ठिकाणी तर 'हिरवळीवर चालू नये' अशी पाटी असते.

यावर एक उत्तर मिळते आणि ते वजनदार आहे: आम्ही बागेला सांडपाणी प्रक्रिया केंद्राचे पाणी देतो, पिण्याचे नाही. जिथे ते केंद्र खरोखर चालते तिथे हे अभिनंदनीयच आहे. पण ते पाणी फुकटचे नसते; ते शुद्ध करायला वीज आणि पैसा लागतो, आणि तेच पाणी स्वच्छतागृहांच्या टाक्यांत फिरवले तर तेवढे गोडे पाणी वाचते. शिवाय मे महिन्यात फाटकाशी टँकरची रांग लागली की प्रक्रिया केलेले पाणी आणि टँकरचे पाणी यांतली रेघ किती काटेकोरपणे पाळली जाते? ज्या वनस्पतीला एकदा रुजल्यावर वेगळे पाणी लागतच नाही तिच्यासाठी हा हिशेबच करावा लागत नाही. आवारात लहान मुलांना खेळायला गवताचा तुकडा हवा असेल तर तो अवश्य ठेवावा. उरलेल्या जागेला हिरव्या गालिचाची गरज कोणी ठरवली?

अमेरिकेतल्या नेवाडा राज्याने या प्रश्नाचे उत्तर कायद्याने दिले आहे. लास व्हेगास परिसरात केवळ शोभेसाठी राखलेल्या, वापरात नसलेल्या हिरवळीला 2027 पासून कोलोराडो नदीचे पाणी देता येणार नाही, असा कायदा तिथे 2021 मध्ये झाला. त्याआधी कित्येक वर्षे तिथले पाणीपुरवठा प्राधिकरण हिरवळ काढणाऱ्यांना चौरस फुटामागे पैसे देत आले आहे. हिरवळीऐवजी लावायच्या वनस्पतींत तिथे स्थानिकही आहेत आणि कोरड्या हवामानाला सरावलेल्या बाहेरच्याही. हे धोरण मला अनुकरणीय वाटते. अनुकरण मात्र धोरणाचे व्हावे, देखाव्याचे होऊ नये, आणि आपल्याकडे नेमका देखावा उचलला जातो. 'पाणी वाचवणारी बाग' म्हणून पांढरे गोटे, त्यांत दोन-चार घायपाताचे प्रकार, कोपऱ्यात गोल निवडुंग आणि खाली प्लास्टिकचे कापड, असे अॅरिझोनाचे चित्र पुण्या-संभाजीनगरात उभारले जाते. फिनिक्सला वर्षाला दोनशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. आपला कोरडेपणा निराळा आहे: चार महिने धो धो किंवा रिपरिप, आणि मग आठ महिने जवळजवळ काहीच नाही. आपली काळी माती ऑगस्टमध्ये चिखल होऊन मुळे गुदमरवते आणि एप्रिलमध्ये हात जाईल एवढ्या भेगा पडून मुळे तोडते. वाळवंटातला निवडुंग त्या ऑगस्टमध्ये कुजतो. पांढरे गोटे उन्हाळ्यात तापून भिंतींवर आग फेकतात, आणि पावसाळ्यात त्यांच्याखालचे प्लास्टिक पाणी जमिनीत मुरू देत नाही. या दोन्ही टोकांना पुरून उरणाऱ्या वनस्पती इथल्याच आहेत, कारण त्या याच चक्रात घडल्या: बाभूळ, हिवर, पळस, अंजन, बहावा, मेडशिंगी, आपटा, बोर, झुडपांत तरवड, मुरुडशेंग, निर्गुडी, रुई, गवतांत मारवेल, पवन्या, कुसळी.

यांतला तरवड जवळून पाहण्याजोगा आहे. बांधावर, मुरूम उघडा पडलेल्या उतारावर, जिथे दुसरे काही तग धरत नाही तिथे हे कमरेएवढे झुडूप उभे असते. पाने चिंचेसारखी संयुक्त पण जरा मोठी, फांद्यांच्या टोकाला हळदीच्या रंगाच्या फुलांचे झुबके, आणि मागाहून लोंबणाऱ्या चपट्या, कागदासारख्या शेंगा. शेळ्या त्याच्या वाटेला फारशा जात नाहीत, त्यामुळे कुंपण लागत नाही. पूर्वी त्याची साल कातडी कमावायला वापरत. दुभाजकात लावायला याहून योग्य झुडूप मला सुचत नाही, आणि तरीही दुष्काळी जिल्ह्यांतल्या महामार्गांच्या दुभाजकांत उन्हाळ्यात टँकरने पाणी घालून जगवलेली शोभेची झुडपे दिसतात. तरवड मात्र त्याच रस्त्याच्या कडेच्या खडीत, कोणी न लावता फुललेला असतो.

रोपवाटिकांविषयीचा विरोधी मुद्दा मी सर्वांत गंभीरपणे घेतो. सामाजिक वनीकरणाच्या काळात गिरिपुष्प आणि सुबाभूळ लावली गेली ती मूर्खपणातून नव्हे. सरपण आणि चाऱ्याची टंचाई खरी होती, उघडे मुरमाड उतार धुपत होते, जनावरे कोवळे रोप ठेवत नव्हती, आणि गिरिपुष्पाला शेळ्या सहसा तोंड लावत नाहीत. त्याचा पाला शेताला उत्तम हिरवळीचे खत आहे. शेतकऱ्याने बांधावर गिरिपुष्प लावून दर वर्षी छाटले तर मी त्याला नावे ठेवणार नाही. आजही ठेकेदार म्हणतो की स्थानिक रोपे मिळत नाहीत, मिळाली तर वाढत नाहीत, आणि लोकांना दोन वर्षांत सावली हवी असते. हे सगळे खरे आहे. पण ते खरे का आहे, हेही पाहायला हवे. लागवडीच्या निविदेत रोपाची उंची मोजली जाते. पळसाचे बी जूनमध्ये रुजते, तीन पानांचे एक-दोन संच काढते आणि उन्हाळ्यात वरचा कोंब वाळून जातो. पुढच्या पावसात तो पुन्हा फुटतो, पुन्हा वाळतो. वरून पाहणाऱ्याला रोप मेलेले वाटते, पण त्या काळात खालचे मूळ जाड होत खोल उतरत असते. अंजनाचेही तेच. कोरड्या मुलखातल्या झाडाचे शहाणपण आधी जमिनीखाली दिसते. अशा रोपाला प्लास्टिकच्या पिशवीत दोन वर्षे ठेवून सहा फूट उंच करायला सांगितले की सोटमूळ तळाशी गुंडाळले जाते आणि ते रोप आयुष्यभर पंगू होते. उंची हाच निकष असेल तर पळस नापास होणारच आणि सुबाभूळ पहिली येणारच. त्यात झाडाचा काय दोष? थेट जागेवर बी टोकणे, खोल नळीच्या पिशव्या वापरणे, पहिली दोन-तीन वर्षे आळे करून पालापाचोळ्याचे आच्छादन देणे आणि मोजके पाणी घालणे हे उपाय वनखात्याच्या जुन्या माणसांना नवे नाहीत. त्यांना निविदेत जागा नाही, एवढेच. आणि स्थानिक झाड लावले की पहिल्या दिवसापासून पाणी लागत नाही, असे सांगणारेही लोकांची दिशाभूल करतात.

आवडीनिवडीचा प्रश्नही टाळून चालणार नाही. आपल्याला एप्रिलमध्ये हिरवे पाहायचे असते आणि या पठारावरची बहुतेक झाडे एप्रिलमध्ये निष्पर्ण असतात, कारण पान गाळणे हाच त्यांचा पाणी वाचवण्याचा मार्ग आहे. पळस, पांगारा, काटेसावर ओक्याबोक्या फांद्यांवर फुलतात. बहावा भर उन्हात पिवळ्या झुंबरांनी लगडतो. गावातल्या म्हाताऱ्यांना हा क्रम तोंडपाठ असतो. शहरातल्या आवारात मात्र पानगळ झालेले झाड 'वाळले' म्हणून तोडल्याचे प्रकार घडतात. पावसाळ्यात बहाव्याची कोवळी पाने एमिग्रंट जातीच्या फुलपाखरांच्या अळ्या खातात, चार दिवस झाड जाळीदार दिसते, आणि लगेच कीड लागल्याची तक्रार होऊन फवारणीचा पंप येतो. ज्यांना फुलपाखरे हवीत आणि खाल्लेले पान नको, त्यांनी नेमके काय मागितले आहे? फांदीवर अळी दिसणे हीच बाग जिवंत असल्याची खूण आहे, हे शाळेच्या आवारातल्या एका बहाव्याखाली मुलांना तासाभरात शिकवता येते.

देशी झाडांच्या बाजूने बोलणाऱ्यांनाही एक अवघड प्रश्न विचारायला हवा. लावायची जागा मुळात झाडांची होती का? 2016 च्या 1 जुलैला 2 कोटी रोपांपासून सुरू झालेली राज्याची मोहीम 2019 मध्ये 33 कोटींच्या उद्दिष्टापर्यंत गेली. एवढी रोपे लावायला जागा लागते, आणि ती कागदोपत्री 'पडीक' म्हणून नोंदलेल्या माळरानांवर शोधली जाते. पण ही माळराने पडीक नाहीत. सोलापूरजवळच्या नान्नजचे माळढोक अभयारण्य आणि अहिल्यानगर जिल्ह्यातल्या कर्जतजवळचे रेहेकुरीचे काळवीट अभयारण्य याच गवताची साक्ष देतात. लांडगा, खोकड, चंडोल, पखुर्डी यांना झाडी नकोच असते. भीमथडीची तट्टे याच गवतावर वाढली, आणि धनगरांच्या मेंढ्यांचे वाडे आजही त्यावर चरतात. इथे शंभर टक्के देशी रोपे लावली तरी ती आगंतुकच. चौरस मीटरला तीन-चार रोपे कोंबून केलेली मियावाकी पद्धतीची घनवने शहरातल्या एखाद्या कोपऱ्यात शोभतील. पण सहाशे मिलिमीटरच्या माळावर निसर्गाने इतकी दाटी कधी केली नव्हती, आणि पाणी बंद झाल्यावर ती दाटी एकमेकांच्या मुळावर उठते. याच नियमाने बागेतही प्रत्येक मोकळ्या जागेत झाड हवे असे नाही. मारवेल आणि पवन्याचा एक पट्टा पावसाळ्यात हिरवा, दिवाळीनंतर सोनेरी आणि उन्हाळ्यात करडा दिसतो. वर्षातून एकदा कापला की पुरे.

हवामान बदलत असताना जुन्या यादीला चिकटून काय उपयोग, असे काही वनस्पतितज्ज्ञ विचारतात. शंका रास्त आहे. पण या पठारावरची झाडे सरासरी पावसावर कधीच जगली नाहीत. 1972 च्या दुष्काळासारखी वर्षे त्यांनी पाहिली आणि अतिवृष्टीही पाहिली. पाऊस अधिक लहरी होणार असेल तर लहरीपणाशी जुळवून घेतलेल्या वनस्पतींचे मोल वाढते. उद्या एखादी बाहेरची जात या कसोट्यांना उतरली तर तिला विरोध करण्याचे कारण नाही. फक्त आधी छोट्या जागेत काही वर्षे तिचे वागणे पाहावे आणि मग तिला रस्त्यावर आणावे.

यासाठी कोणताही नवा आयोग नेमावा लागणार नाही. नगरपरिषदा, महामार्गाचे ठेकेदार आणि गृहसंकुले यांच्या लागवडीच्या करारांत तीन अटी घालता येतील: रोपाच्या उंचीऐवजी तिसऱ्या उन्हाळ्यात टँकरशिवाय जिवंत असलेल्या रोपांवर शेवटचे बिल द्यावे, बी त्याच जिल्ह्यातल्या झाडांवरून गोळा केलेले असावे, आणि वापरात नसलेल्या हिरवळीला अवर्षणप्रवण तालुक्यांत नवी परवानगी मिळू नये. पहिली अट लागू झाली की रोपवाटिका पळस आणि अंजनाचे बी स्वतःहून शोधायला निघतील. ते बी एप्रिल-मेमध्ये गोळा करावे लागते, म्हणून अटी जानेवारीच्या अंदाजपत्रकात आल्या पाहिजेत. जूनमध्ये वाद सुरू होईपर्यंत त्या वर्षीचा हंगाम हातचा गेलेला असतो.